न्हाणीघरातली अंडी

पुस्तक दाराच्या फटीत अडकलं होतं. सीब्रनने ते आतून ओढलं तेव्हा पाकिटाचा कोपरा फाटला आणि एक सुटा कागद पायपुसण्यावर पडला. तो उचलायला वाकला आणि वाकल्या वाकल्याच त्याची नजर शेवटच्या ओळीवर गेली, कारण तिथे न्हाणीघर हा शब्द होता. विद्यापीठाच्या कागदावर न्हाणीघराचं काय काम? अकरावं विधान असं होतं: ‘विज्ञानातले सर्वांत यशस्वी प्रयोग न्हाणीघरात होतात, आणि ते वीज वाचवण्यासाठी प्लग काढून ठेवणारे नवरे करतात.’ सीब्रन तसाच वाकलेला राहिला. गुडघे कुरकुरत होते, तरी राहिला. जगात असे नवरे पुष्कळ असतील, पण न्हाणीघरात अंडी उबवणारी बायको असलेला नवरा तो एकटाच होता, आणि हे वाचून जिच्याकडे बघून हसायचं, ती गेर्दीन जाऊन दीड वर्ष झालं होतं.

डॉक्टरेटच्या प्रबंधासोबत अशी विधानं छापायची इथली जुनी रीत आहे. सुरुवातीची अभ्यासाची असतात, शेवटचं गमतीचं. गेर्दीन म्हणायची, लोक तेवढंच शेवटचं वाचतात, आणि मागची आभाराची पानं, आपलं नाव आहे का ते बघायला. सीब्रननेही मग तेच केलं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या आभाराची पानं उलटली. प्रबंध योरिटचा होता, गेर्दीनच्या हाताखाली शिकलेल्या पोराचा, आणि त्याने सगळ्यांचे आभार मानले होते. आईचे, होडी वल्हवायच्या क्लबातल्या मित्रांचे, मांजराचे सुद्धा. गेर्दीनला एक ओळ होती. ‘दिवंगत गेर्दीनचा उत्साह आम्हाला नेहमी आठवत राहील.’ उत्साह. उत्साह शाळेच्या सहलीला लागतो. जी बाई वीस वर्षं कोंबडीच्या अंड्यांना खिडक्या पाडून, मान मोडेपर्यंत आत बघत बसली, तिच्याजवळ आणखी काही नसेल? त्याने चौथं प्रकरण उघडलं. वर सात नावं होती. पहिलं योरिटचं, शेवटचं प्रोफेसर वेस्टरिंकचं, आणि गेर्दीनचं मध्ये कुठेतरी, शेजारी मेलेल्या माणसाचा छोटा क्रूस. या नावांची रांग कशी वाचायची ते तिनेच त्याला एकदा शिकवलं होतं. पहिलं नाव ज्याने काम केलं त्याचं, शेवटचं ज्याच्या छपराखाली केलं त्याचं. आणि मधले? “मधले म्हणजे वाढदिवसाला खुर्च्या आणून मांडणारे,” ती म्हणाली होती.

खिडक्यांवरून त्या दोघांत जुनी थट्टा होती. सीब्रन काचा बसवायचा, आयुष्यभर तोच धंदा. गेर्दीन अंड्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची. कुणी विचारलं, तुम्ही नवराबायको काय करता, की ती म्हणायची, आम्ही दोघंही खिडक्यांच्या धंद्यात आहोत. तिच्या अंड्यांवर बसवायला चकत्या सुद्धा तोच कापून द्यायचा, काच कापायच्या हिरकणीने, उरलेल्या पातळ काचेतून. तिच्या संशोधन संस्थेला विकत मिळायच्या त्या तिला आवडत नसत. आपल्याला हवं ते त्या खिडकीतून दिसतं, असं ती म्हणायची तेव्हा सीब्रनला वाटायचं, खिडकीतून काय, बाहेरचंच दिसतं. मग एकदा तिने त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि त्याला दिसलं, की पिवळ्या बलकावर लाल ठिपके आहेत, बेटांसारखे, आणि मधोमध स्वल्पविरामाएवढं काहीतरी उड्या मारतंय. अजून चोच नाही, पाय नाही, कोंबडी म्हणावं असं काहीच नाही, आणि रक्त मात्र आधीच येऊन बसलेलं.

योरिटच्या डॉक्टरेटच्या समारंभाच्या दिवशी त्याने काळा सूट घातला. दुसरा नव्हता. खिशात गेर्दीनच्या अंत्यविधीची घडी घातलेली पत्रिका सापडली, ती त्याने तशीच राहू दिली. सभागृह जुनं, लाकडी बाकांचं. भिंतींवर मेलेले प्रोफेसर रांगेने टांगलेले, सगळे गालांनी गुबगुबीत. त्यात बाई एकही नव्हती. गेर्दीनला ते कधी खुपलं असेल तर तिने बोलून दाखवलं नाही. तिला खुपायचं ते वेगळंच. सीब्रन तिसऱ्या बाकावर टोकाला बसला. तो गंमत बघायला आला नव्हता. त्याला एकच गोष्ट ऐकायची होती. घरी पुढच्या खोलीत, भाड्याने आणलेल्या उंच पलंगावर पडल्या पडल्या गेर्दीन एका दुपारी म्हणाली होती, “त्या चौथ्या प्रकरणात मी पहिली असायला हवी. ते होणार नाही, मला कळतं. पण निदान कुणीतरी तोंडाने म्हणावं, की हे आधी तिने पाहिलं. तेवढं बघ.” तो बघतो म्हणाला होता. आतड्याच्या कॅन्सरने तिचं पार पाचोळा झालेलं शरीर, आणि त्यात ही एवढीच एक मागणी. पुढे तो योरिटला जाऊन भेटला. योरिटचे डोळे भरून आले होते. पोरगा वाईट नव्हता, हेच तर सीब्रनला पचत नव्हतं. वाईट असता तर सोपं गेलं असतं. “अर्थातच, सीब्रन,” तो म्हणाला होता. “मी सभागृहातच सांगणार आहे, सगळ्यांसमोर.” सीब्रनने घरी येऊन रिकाम्या खोलीला ते सांगितलं होतं. आणि आता हे अकरावं विधान.

सगळे उठले. काळ्या झग्यातली चोपदारीण चांदीच्या मुठीचा दंड घेऊन पुढे, तिच्यामागे झगे घातलेले परीक्षक, त्यांत वेस्टरिंक, हनुवटी वर. योरिटने कोटाची बटणं चाचपली आणि आधी दहा मिनिटं घरच्या माणसांना कळेल असं सांगायला सुरुवात केली. तीही रीतच. दिवे मंद झाले आणि पडद्यावर अंडं आलं. बलक, बेटं, उड्या मारणारा स्वल्पविराम. पुढच्या बाकावर कुणीतरी बाई आनंदाने चुकचुकली. सीब्रन चित्राकडे बघत नव्हता, चित्राच्या कडेकडे बघत होता. तिथे काचेचा एक टवका उडालेला दिसत होता, चंद्रकोरीसारखा. ती चकती त्याने कापलेली. टवका उडाला तेव्हा तो दुसरी देतो म्हणाला होता, आणि ती म्हणाली होती, असू दे, याने मला वरची बाजू ओळखता येते. म्हणजे हे योरिटचं अंडं नव्हतंच. हे त्या नाताळातलं होतं.

त्या नाताळात खर्च कमी करायचा म्हणून संस्थेने सुट्टीभर इमारतीतली उष्णता उतरवायची ठरवली होती. सगळ्यांना पत्र आलं, जॅकेट घालून या. माणसं जॅकेट घालतील, अंडी काय घालणार? गेर्दीनने ती सायकलच्या पिशवीत, सीब्रनच्या लोकरी बनियनमध्ये गुंडाळून घरी आणली. तो शेजारून सायकल चालवत होता आणि ती त्याला दटावत होती, की तू माझ्यापुढे ब्रेक दाबलास तर तुझ्या आईकडे परत पाठवीन. उबवणी पेटी न्हाणीघरात ठेवली, घरातली तीच ऊबदार जागा. टबाच्या कडेवर ती बसायची, मांडीवर अंडं, आणि त्याने आंघोळ करायची ती स्वयंपाकघरातल्या बेसिनपाशी. चार दिवस घर कसं भरल्यासारखं वाटत होतं. मूल नव्हतं त्यांना. त्यावर ते कधी बोलत नसत; पण न्हाणीघराच्या दारावरून जाताना तो पाय न वाजवता जायचा, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

आणि मग त्याने प्लग काढला. मुद्दाम नव्हे. त्याचा बाप फ्रीसलंडचा, झोपायला जाण्याआधी घरभर फिरून एकेक प्लग काढणारा, फुकटचा दिवा म्हणजे पाप मानणारा. ती सवय सीब्रनच्या हातात उतरली होती, डोक्याला न विचारता चालणारी. सकाळी गेर्दीन टबाच्या कडेवर बसलेली होती, पेटीचं झाकण उघडं. ओरडली नाही. “मारलीस का रे सगळी?” एवढंच विचारलं. तो म्हणाला, सवय.  तिने पेटी पुन्हा तापवली आणि दुपारपर्यंत काही स्वल्पविराम पुन्हा उड्या मारायला लागले. सुट्टी संपल्यावर ती अंडी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच, पायात सायकलचे ओले बूट, त्याच्या कारखान्यात येऊन उभी राहिली. गिऱ्हाईक समोर होतं, तरी थांबली नाही. पेटीत गरम पाण्याच्या नळाच्या बाजूला असलेली अंडी फारशी थंड झाली नव्हती, त्यांची हृदयं चालू राहिली होती, आणि त्यांच्या रक्तवाहिनीच्या भिंतीला आतून बारीक फुगवटे आले होते. बाकीच्यांची हृदयं मंदावली होती, आणि त्यांची भिंत गुळगुळीत, फुगवटा एकही नाही. “प्रवाह लागतो, सीब्रन,” ती म्हणाली. “भिंतीला धक्का बसला नाही तर भिंत सोडतच नाही.” गिऱ्हाईक म्हणालं, बाई, माझी काच तेवढी बघा.

काय सोडत नाही, ते तिने त्याला घरी पुन्हा सांगितलं, कॉफीचे कप मांडून. पहिलं रक्त गर्भाच्या बाहेरच तयार होतं, बलकाच्या पिशवीवर. घाईघाईने केलेलं, मोठाल्या पेशींचं, भरड रक्त. त्याचं काम एवढंच, की पिल्लाला पहिले दिवस जगवायचं. मग ते संपतं. त्याला वंश नाही. कितीतरी वर्षं माणसं समजत होती, की पुढचं सगळं रक्त त्याचीच पोरं. तसं नाही. पुढे जन्मभर पुरणारं रक्त आतून येतं, पाठीतल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या तळातून. भिंतीतलीच एखादी पेशी वाकते, फुगते, गोल होते आणि हात सोडून प्रवाहात पडते. काल जी भिंत होती ती आज रक्त. मग ते फिरत फिरत हाडांच्या पोकळीत जाऊन राहतं. तिथे एकदाचं घर मिळतं. माणसांचंही असंच, ती म्हणाली, आई होणाऱ्या बाईला अजून धड कळलेलंही नसतं तेव्हा हे सगळं चालू झालेलं असतं. सीब्रनने विचारलं होतं, मग त्या पहिल्या रक्ताचं काय? तिने साखरेचा कप बाजूला सरकवला. “ते असतं म्हणून बाकीच्यांना वेळ मिळतो,” ती म्हणाली. या वाक्याकडे तेव्हा त्याचं लक्ष गेलं नव्हतं. आता ते त्याला सभागृहात बसल्या बसल्या, दाढेत अडकलेल्या तुसासारखं, लागत होतं.

वेस्टरिंकने तेव्हा तिचं हसं केलं होतं. थंडीने सगळंच थांबतं, गेर्दीन, त्यात प्रवाहाचं काय आलं, आणि न्हाणीघरातलं विज्ञान मला माझ्या संस्थेत नको. तो शब्द मग संस्थेत रुळला. कुणाचा प्रयोग फसला की लोक म्हणायचे, न्हाणीघर. ती घरी येऊन सांगायची, हसत सांगायची, आणि मग बशा जरा जोरात ठेवायची. पुढे परदेशातून कुणीतरी प्रवाहाबद्दल लिहिलं आणि वेस्टरिंकला एकदम आठवण झाली. त्याने योरिटला कामाला लावलं, आणि योरिटला हात धरून शिकवायला गेर्दीनला. खिडकी कशी पाडायची, हृदय औषधाने कसं मंद करायचं, मग तळाकडे कुठे बघायचं. आजारी पडेपर्यंत ती त्याला शिकवत होती. पडल्यावर वेस्टरिंक फुलं घेऊन आला, ट्यूलिप, पलंगाशी उभ्यानेच बोलला, आणि जाताना सीब्रनला दारात हळूच विचारून गेला, की त्या नाताळातल्या चित्रफिती घरातल्या संगणकावर असतील का. सीब्रनने शोधून दिल्या. गेर्दीननेच द्यायला सांगितलं होतं. आता त्यातलीच एक समोर उड्या मारत होती आणि योरिट म्हणत होता, आम्ही तापमान उतरवून पाहायचं ठरवलं. ठरवलं! सीब्रनला हसू आलं. कुणी काय ठरवलं होतं? एक म्हातारा चड्डीवर न्हाणीघरात गेला आणि त्याने प्लग काढला.

प्रश्न सुरू झाले. इथे दर प्रश्नाआधी परीक्षकाला मोठ्या मानाने संबोधायचं असतं आणि उत्तराआधी पुन्हा तेच. पाऊण तास झाला की चोपदारीण आत येते, दंड आपटते आणि लॅटिनमध्ये सांगते, की वेळ झाली. मग काहीही चाललेलं असो, थांबायचं. चालू वाक्य तेवढं पुरं करायची मुभा असते. गेर्दीन म्हणायची, हुशार पोरं अवघड प्रश्न आला की मानमरातब लांबवतात, घड्याळ चोपदारणीचं असलं तरी जीभ आपली असते. सीब्रनला मधले प्रश्न कळले नाहीत. तो टवका उडालेल्या कोरीचा विचार करत होता. मग अगदी शेवटी बेल्जियमहून आलेल्या परीक्षक बाईंची पाळी आली. पिकलेल्या केसांच्या, चष्मा नाकावर घसरलेल्या. त्या म्हणाल्या, की चौथं प्रकरण त्यांना सगळ्यांत आवडलं, आणि त्यातच एक गोष्ट त्यांना समजली नाही. औषध देणं ठीक. पण त्याआधी अंडी गार करून बघावी असं कुणाच्या डोक्यात येईल? ते कुणी सांगितल्याशिवाय सुचण्यासारखं नाही.

“आणि मग मी तुमचं अकरावं विधान वाचलं,” बाई म्हणाल्या. सभागृह हसलं. वेस्टरिंकही हसला. “तेव्हा माझा प्रश्न साधा आहे. नवरा कळला. त्याची बायको कोण?”

सीब्रनचे दोन्ही हात पुढच्या बाकाच्या पाठीवर गेले. लाकूड गार होतं. योरिटची नजर बाकांवरून फिरत आली, त्याच्यापाशी थांबली, आणि तिथून वेस्टरिंककडे गेली. वेस्टरिंक समोरचे कागद सारखे करत होता. योरिटने पेला उचलला. तो पाणी प्यायला, सावकाश, पेल्याचा तळ दिसेपर्यंत. मग पेला ठेवला, नीट, ताटलीच्या मधोमध.

“अत्यंत विद्वान आणि आदरणीय परीक्षक,” तो म्हणाला, “या मार्मिक प्रश्नाबद्दल, आणि माझ्या प्रबंधातल्या सर्वांत हलक्याफुलक्या विधानाकडे आपण इतक्या गांभीर्याने लक्ष दिल्याबद्दल, मी आपला मनापासून ऋणी आहे. या निरीक्षणाचा इतिहास जरा गुंतागुंतीचा आहे, आणि तो नेमका सांगायचा झाला तर प्रथम असं म्हणावं लागेल, की हे आधी ज्या व्यक्तीने पाहिलं…”

दार उघडलं. दंड लाकडी जमिनीवर आपटला आणि चोपदारीण म्हणाली, वेळ झाली.

वाक्य उघडं होतं. पुरं करायची मुभा होती. सगळं सभागृह क्षणभर त्या वाक्यासाठी थांबलं आणि बेल्जियमच्या बाईंनी तर मान पुढे काढली. योरिटने तोंड मिटलं. सीब्रनला त्याचे खांदे दिसले. ते खाली आले, ओझं उतरवलेल्या माणसाचे येतात तसे. मग सगळे उठले, झगे सळसळत बाहेर गेले, झगे सळसळत परत आले आणि वेस्टरिंकने योरिटला डॉक्टर केलं. सीब्रन उठला तेव्हा सगळ्यांबरोबर उठला, बसला तेव्हा सगळ्यांबरोबर बसला. घरी जाऊन कुणाला काय सांगायचं, हा विचार त्याच्या मनात आला आणि मागोमाग हेही आलं, की घरी कुणी नाही. गेर्दीन गेल्यापासून तो प्लग काढत नसे. घरभर बारीक लाल दिवे दिवसरात्र जळत असायचे. बापाने पाहिलं असतं तर कानफटात मारली असती.

बाजूच्या दालनात कॉफी होती आणि प्रत्येकी एक बिस्किट. लोकांनी रांग केली. इथे नुसतं ज्याचं यश त्याचंच अभिनंदन करून भागत नाही, शेजारी उभ्या आईचंही करावं लागतं. सीब्रन रांगेत उभा राहिला. न राहता बाहेर पडणं सोपं होतं, सायकल दारातच होती. त्याच्यामागे वेस्टरिंक येऊन उभा राहिला आणि म्हणाला, की आजचा दिवस बघायला ती हवी होती, तिला फार मजा आली असती. दीड वर्षात हे वाक्य सीब्रनने सूप घेऊन आलेल्या प्रत्येक शेजारणीकडून ऐकलं होतं. 

योरिटने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. डोळे पुन्हा भरले होते. “मी सांगणारच होतो,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुम्ही ऐकलंत ना, सुरुवात केली होती मी. एक मिनिट कमी पडलं.”

“मिनिट होतं,” सीब्रन म्हणाला. “तू त्यात पाणी प्यायलास.”

योरिट कानापर्यंत लाल झाला. त्याने हात सोडला, आणि रांगेच्या रेट्याने सीब्रन एक पाऊल पुढे, योरिटच्या आईसमोर गेला. सभागृहात चुकचुकली होती ती हीच बाई. गोल चेहऱ्याची, हातात पुष्पगुच्छ, आनंदाने गाल तापलेले. तिने त्याचा हात जोरात हलवला आणि विचारलं, “आणि तुम्ही आमच्या योरिटचे कोण?”

“मी प्लग काढणारा.”

तिला आधी कळलं नाही, मग कळलं आणि ती खळखळून हसली. “म्हणजे तसा माणूस खरंच आहे? अहो, मला वाटलं त्याने ते असंच बनवलं. मला म्हणाला, आई, आंघोळ करताना सुचलं.”

“सुचलं नाही. घडलं. गेर्दीनने पाहिलं.”

“गेर्दीन कोण?” बाईने विचारलं. तिने ते साधेपणाने विचारलं होतं. तिला खरंच ठाऊक नव्हतं. चार वर्षं तिचा मुलगा ज्या बाईच्या शेजारी बसून शिकला, तिचं नाव त्याच्या घरात कधी निघालं नव्हतं. सीब्रनच्या पाठीवर मागून हात पडला, मऊ, वजनदार. “चला सीब्रन,” वेस्टरिंक म्हणाला. “मागे रांग आहे.”

“असू दे,” सीब्रन म्हणाला.

त्याने बाईचा हात सोडला नाही. गिऱ्हाइकाला काचेची जाडी समजावून सांगताना तो ज्या आवाजात बोलायचा त्याच आवाजात, ना चढ ना उतार, तो बोलू लागला. पहिलं रक्त बलकावर तयार होतं, तो म्हणाला, गर्भाच्या बाहेर. ते फार दिवस टिकत नाही. खरं रक्त मागून येतं, पाठीतल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून. बाईचं हसू जागच्या जागी राहिलं. तिने मुलाकडे पाहिलं, मुलगा बुटांकडे पाहत होता. मागे कुणीतरी खाकरलं. बेल्जियमच्या बाई कॉफीचा कप घेऊन जवळ आल्या आणि चष्मा वर सरकवून उभ्या राहिल्या. रांग दारापर्यंत गेली होती. आता नाताळात संस्थेने काय केलं ते ऐका, सीब्रन म्हणाला. पलीकडे खिडकीशी चोपदारीण बिस्किट खात होती. दंड तिने भिंतीला टेकवून ठेवला होता.